डांबरावरचं आंगन

दामिनीले तो दिवस आठवला का भाकर थापता थापता हसू येते. भाकर चिरते, अन् चिरलेलीच तव्यावर जाते. चुलीपाशी बसलेली सासू इचारते, "काय झालं व?"

"काई नाई. धूर गेला डोयात."

सासूले बराबर समजते कोनता धूर आहे तो. ती म्हनते, "केळाचे सालटे आठवले असतीन."

झालं असं होतं का, लग्नाच्या आधी पोरीवाले घर पाहाले आले होते. पह्यले बाप अन् काका याचे, आता पोरीच बापाच्या आधी गाडीत बसतेत. दामिनी ऊर्जानगरची. बाप वीज केंद्रात कामाले, राहाले क्वार्टर, दारापुढं सिमेंटचा रस्ता अन् झाडाईच्या बुडाले चुना. चामोर्शीच्या अलीकडं पाथरटोला म्हनून गाव आहे अन् तिथी नागापुरेंचं घर आहे, एवढंच तिले माहीत. प्रफुल्ल नागापुरे पोरगा चांगला होता, फोनवर कमी बोलत होता, म्हंजे आनखीच चांगला.

गाडी पाथरटोल्यात शिरली अन् रस्त्यात एक बाई आडवी आली. तोंडाले ओढनी बांधलेली, नुसते डोये उघडे. केसापासून पायापर्यंत लाल, जशी कोनी गेरूच्या पोत्यातून आताच काढली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात खराटा. तो खराटा तिनं गाडीपुढं असा धरला जसं रेल्वेचं फाटक पडलं. दामिनीले वाटलं, रस्त्याच्या कामावरची बाई आहे, पुढं काम चालू असंन. ती खाली उतरली. हातात पान्याची रिकामी बाटली होती अन् रस्त्यात खाल्लेल्या केळाचे सालटे होते. तिनं ते सारं त्या बाईपुढं धरलं अन् कॉलनीच्या गोड आवाजात म्हनलं, "मावशी, एवढं टाकून द्याल का? आणि नागापुरेंचं घर कुठं आहे हो?"

बाईनं सालटे घेतले. पोरीले वरून खाली पाह्यलं, खालून वर पाह्यलं.

"त्याईच्या आंगनातच उभ्या आहा तुमी," ती म्हनली. "चपला काढा."

दामिनीनं खाली पाह्यलं. डांबर. बाजूले पांढरा पट्टा. पट्ट्याच्या अलीकडं हातभर खोल गड्डा. मांगून ट्रकचा हॉर्न. ती हळूच गाडीत वाकली अन् बापाले म्हनली, "बाबा, बिचारीच्या डोक्यात फरक आहे वाटते."

मंग त्या डोक्यात फरक असलेल्या बाईनं ओढनी सोडली, सालटे बकरीपुढं टाकले, हात धुतले अन् चहा मांडला. तीच प्रेमिलाबाई. होनारी सासू. दामिनीचा बाप हात जोडून माफी मांगू लागला. पन प्रेमिलाबाईनं पोरीच्या पायाकडं पाह्यलं, पाय उघडे होते, चपला पट्ट्याच्या पलीकडं काढलेल्या होत्या. ती म्हनली, "पोरगी पसंत हाये. डोकं चालते का नाई थे मागून पाहू, पन सालटे रस्त्यावर नाई फेकले."

तं अशी ती सोयरीक जुळली.

आता ते आंगन काय भानगड आहे, ते समजून घ्या. नागापुरे म्हंजे मासोया धरनारं घर. बुढा दादाजी बोडीत जाळं टाकते. बोडी म्हंजे गावाचं लहान तळं. घरापुढं पह्यले मोठ्ठं आंगन होतं, बैलबंडी फिरवून घेता येत होती एवढं. मंग रस्ता रुंद झाला. मोजनीवाले आले, चुन्याची रेघ मारली, अन् अर्धं आंगन रेघेच्या पलीकडं गेलं. त्याचं जे द्याचं ते सरकारनं देल्लं, त्याच्यावर प्रेमिलाबाईचं काई म्हननं नाई. तिचं म्हननं एवढंच, "जागा घेतली, बरं केलं. पन इथी सडा टाकू नोको, असं कोनी म्हनलं काय मले?"

कोनीच म्हनलं नव्हतं. मोजनीच्या कागदात सड्याचा इषय येतच नाई. म्हनून ती रोज सकाळी उठते, शेनाचं पानी कालवते अन् जिथपर्यंत तिचं आंगन होतं तिथपर्यंत सडा टाकते. म्हंजे पांढऱ्या पट्ट्यापर्यंत. मन लागलं तं पट्ट्याच्या पलीकडं बी.

पोरगा प्रफुल्ल घराले लागूनच पंक्चरचं दुकान चालवते. खांबाले एक मोठा टायर टांगला आहे, तीच त्याची पाटी. दुकानापुढच्या गड्ड्यावर त्याचा लय जीव. पावसाळ्यानंतर गावातल्या पोट्ट्याईनं एक डाव त्या गड्ड्यात मुरूम टाकला होता, तं प्रफुल्ल दोन दिवस कोनासंग बोलला नाई. माय त्याले म्हने, "गड्ड्याचा साक्षगंध करून टाकू काय तुह्यासंग?"

अन् दादाजी? दादाजीपाशी बोलाले एकच शब्द आहे. "चाललं." मासोया भेटल्या, चाललं. नाई भेटल्या, चाललं. लग्नात बामनानं इचारलं असंन तवाबी हेच म्हनला असंन.

प्रेमिलाबाईचं जे नाव आहे पंचक्रोशीत, ते झिंग्यावरून आहे. बोडीतले बारके झिंगे, बोटाच्या पेराएवढे. ती ते धुते, मीठ लावते अन् सारवलेल्या आंगनात चटईवर वाळवते. वाळले का कुरकुरीत होतेत, वांग्यात टाका का नुसती चटनी करा, शेजारचा मानूस ताट घेऊन येते. चामोर्शीच्या आठवडी बजारात ती बसते तिथी गिऱ्हाईकाले पह्यले एक झिंगा तोंडात टाकाले देते. "चावा जी. दातात कचकच लागली तं टोपलंभर फुकट न्या." तिच्या सासूचीबी हीच रीत होती. आजपर्यंत कोनी टोपलं फुकट नेलं नाई.

पन मंग खानीचे ट्रक सुरू झाले.

लाल माती भरून ट्रक याचे, एकामांग एक, जशी वरात. वरून ताडपत्री असे, पन ती अशी बांधलेली जशी नवरदेवाची टोपी, वाऱ्यानं अर्धी वर. डांबर उखडलं, कडेची माती मोकळी झाली, अन् ट्रक गड्डा वाचवाले कडेनं घाले का गावभर लाल ढग. नागापुरेंची पांढरी गाय लाल झाली, तं एक पाहुना म्हने, "नवी घेतली काय?" आंब्याले मोहोर आला का नाई ते कोनालेच दिसलं नाई, मधमाश्याईलेबी नाई, कारन आंबा पुराच गेरूचा झाला होता. बोडीच्या पान्यावर साय धरली, दुधावर धरते तशी, पन लाल. दादाजीच्या मिशा म्हातारपनी पुन्ना रंगल्या. आरशात पाहून तो म्हनला, "चाललं."

नवी नवरी दामिनी घरात आली तवा तिले या धुळीचं नवल नाई वाटलं. ती सासूले म्हनली, "आमच्याकडं वीज केंद्राची राखड उडते, मामी. पांढरी. वाळत टाकलेले कपडे झटकून घालावे लागतात."

"हो काय?" प्रेमिलाबाई खुश झाली. "मंग तू इथी सुखात राह्यसीन. रंग तेवढा बदलला."

असं हसत-हसवत चाललं होतं, तेवढ्यात तो बजार आला.

चामोर्शीत एक शेंडे मास्तरीन आहे. बोलाले मऊ, वागाले मऊ, दरवर्षी झिंगे प्रेमिलाबाईपासूनच घेते. ती आली, प्रेमिलाबाईनं रीतीनं झिंगा देल्ला, मास्तरिनीनं तोंडात टाकला अन् चावला.

कच्च.

तो आवाज दामिनीनं आयकला. बाजूच्या चटईवर झिंगे घेऊन बसलेल्या सोमारीनं आयकला. मिरच्यावाल्यानं आयकला. मास्तरिनीनं हळूच रुमाल तोंडापुढं धरला, झिंगा त्यात गुंडाळला अन् म्हनली, "असू द्या बाई. होतं कधी कधी." अन् टोपलं फुकट घेतलं नाई, काईच घेतलं नाई, नमस्कार करून गेली. भांडली असती तं बरं झालं असतं. प्रेमिलाबाईले भांडन येते, नमस्काराचं काय कराचं ते नाई येत.

सोमारी लगेच म्हनली, "या ना मास्तरीनबाई, इकडं या. माह्ये जंगलातल्या नाल्याचे हायेत. आमच्याकडं टिरकच येत नाई, रस्ता असंन तवा येतीन!"

येताना बसमधी प्रेमिलाबाई एक शब्द बोलली नाई. आता ही बाई बसमधी कंडक्टरच्या सासरची चौकशी करनारी. कंडक्टर दोनदा येऊन पाहून गेला, तब्येत बरी आहे ना म्हनून. दामिनी भरलेलं टोपलं मांडीवर घेऊन बसली होती. गावच्या फाट्यावर उतरल्यावर सासू म्हनली, "पुढच्या बजारात कचकच झाली तं मी बसनं बंद करीन. सासूनं कमावलेलं नाव मी लोकाईले रेती खाऊ घालून नाई बुडवनार."

दामिनीनं सासूकडं पाह्यलं. ही बाई थट्टा करून नोती राह्यली.

मंग सुरू झाले उपाय. बाप्पा, काय उपाय ते!

पह्यले मच्छरदानी. मलेरियावाले घरोघर मच्छरदान्या वाटून गेले होते, दादाजी त्यातच झोपे. प्रेमिलाबाईनं ती काढली अन् झिंग्यावर बांधली, चारी कोपऱ्याले काड्या लावून, जसे झिंगे नाई, बाळंतीन आहे आत. माश्या बसल्या नाई, खरं. पन बारीक धूळ मच्छरदानीच्या छिद्रातून अशी गाळून पडे जसं चाळनीतून पीठ. पह्यले झिंग्याले रेती होती, आता मैदा. अन् दादाजीले मच्छराईनं फोडून काढलं. "चाललं," तो म्हनला, पन खाजवत खाजवत.

मंग घरावर, कवेलूच्या छपरावर चटई टाकली. तिथी माकडं आले. माकडाईले झिंगे आवडत नाई, ते त्याईनं एकेक झिंगा हुंगून, तोंड वाकडं करून, खाली फेकून सांगतलं. एक मोठं वानर तं झिंगा प्रफुल्लच्या गिऱ्हाईकाच्या टोपीत टाकून गेलं.

मंग साडी झाकली, तं ऊन लागलं नाई अन् झिंगे वास मारू लागले. बकरी उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"मामी, वावरात वाळवू," दामिनी म्हनली. आता तिच्या तोंडात इकडचे शब्द बसत चालले होते.

"वावर कोनाचं? आपलं आंगन हाये तेवढंच," सासू म्हनली. "अन् तेबी अर्धं टिरकाखाली."

अशात एक सन आला. दामिनीचा सासरचा पह्यलाच सन, म्हनून तिनं हौसेनं रांगोळी काढाले घेतली. कॉलनीतली पोरगी, रांगोळीच्या स्पर्धेत बक्षीस घेतलेली, लहान काढनं तिच्या हाताले माहीतच नाई. सासूनं सडा टाकला होता पट्ट्यापर्यंत. रांगोळी सड्यावर सुरू झाली, कमळ झालं, वेल झाली, वेल वाढत वाढत पट्ट्याच्या पलीकडं डांबरावर गेली. मंग हळद-कुंकू वाह्यलं, मधात पनती ठेवली. दोघी जनी मांग सरून पाहून राह्यल्या होत्या, तेवढ्यात ट्रक आला.

"गेली व तुही रांगोळी," प्रेमिलाबाई म्हनली.

पन ट्रक हळू झाला. अजून हळू झाला. बंडीच्या बैलासारखा पाय मोजत आला, वेलीच्या बाजूनं वळसा घेतला. डायव्हरनं स्टेअरिंगवरचा एक हात काढून कपाळाले लावला, छातीले लावला, अन् एक नानं खिडकीतून फेकलं. ते टुनकन उडून बादलीत पडलं. ट्रक गेला.

अन् धूळ उडाली नाई. नखाएवढीबी नाई.

सासूनं सुनेकडं पाह्यलं. सुनेनं सासूकडं पाह्यलं.

तं त्याचं असं आहे. या जंगलाच्या रस्त्यानं जानाऱ्या मानसाले माहीत असते का वळनावर, नाल्यावर, मोठ्या झाडाखाली कोनता ना कोनता देव बसला असते. गावचे लोकं जाताना तिथी एखादा दगड, एखादी झाडाची हिरवी डगाल ठेवतेत अन् मंगच पुढं जातेत. बाहेरून आलेल्या डायव्हरले कोन देव कुठी बसला हे कसं माहीत असंन? म्हनून तो कुंकू दिसलं का हात जोडते. जोडून काई जात नाई, नाई जोडला अन् पुढं टायर फुटला तं?

दुसऱ्या दिवशी रांगोळी पुन्ना निघाली. सन नव्हता. तिसऱ्या दिवशीबी निघाली. ट्रक हळू होऊ लागले, झिंगे चटईवर निजून ऊन खाऊ लागले, अन् नारळं येऊ लागले.

प्रेमिलाबाई खोटं बोलली असंन असं समजू नका. एका डायव्हरनं गाडीतून वाकून इचारलं, "मौसी, ये कौन सी माता का स्थान है?"

"कोई माता नहीं जी," ती म्हनली. "ये मेरा आंगन है."

डायव्हरनं डोये मिटले. "जय आंगन माता," तो म्हनला, अन् अगरबत्ती लावून गेला.

"मी सांगतलं ना त्याले खरं?" प्रेमिलाबाई सुनेले इचारे. "सांगतलं का नाई? मंग? आता त्यानं नाई आयकलं तं मी काय त्याच्या मांगं पळू?" नान्याईचे पैसे ती मारोतीच्या पेटीत टाकून ये. नारळ मात्र घरात राहे. झिंग्याच्या चटनीत खोबरं चांगलं लागते म्हने.

प्रफुल्लची मात्र झोप उडाली. गाड्या हळू चालल्या तं गड्ड्यात आदळत नाई, आदळल्या नाई तं टायर फुटत नाई. "माय, तू माह्या धंद्याच्या छातीवर रांगोळी काढून राह्यली," तो म्हनला.

"मंग टायर नाई तं नारळं फोड," माय म्हनली. "ढीग पडला हाये."

पन देव लय चालला का त्रास बी लय होते. ट्रक पह्यले नुसते हळू व्हाचे, आता थांबू लागले. इंजन चालूच ठेवून डायव्हर खाली उतरे, नारळ फोडे, फोटो काढे, घरच्याईले व्हिडीओ कॉल करून दर्शन घडवे. मांगचा ट्रक तेवढा वेळ धडधड धडधड काळा धूर सोडत उभा. धूळ गेली अन् काजळी आली. संध्याकाळी प्रेमिलाबाईनं झिंगा हुंगला अन् नाक मुरडलं.

"हा झिंगा नाई, हे डिझेलचं भजं हाये," ती म्हनली. "अन् बजार परवा."

तवा दामिनीनं डोकं चालवलं. ते चालते का नाई, हे सासूले मागून पाहाचं होतं ना? पाह्यलं. तिनं प्रफुल्लच्या खांबावरचा टायर उतरवून घेतला, नवऱ्याले इचारलंबी नाई, अन् पांढऱ्या रंगानं त्याच्यावर गोल लिवलं, मराठीत अन् हिंदीत. हळू चला. थांबू नका. इंजन चालू ठेवून उभं राहू नका. मंग तो टायर रांगोळीच्या आधी झाडाले टांगला, अन् सवता पदर खोचून उभी राह्यली. पह्यला ट्रक थांबू लागला तशी ती मोठ्यानं म्हनली, "भैया, रुकना नहीं! यहाँ धुआं नहीं चलता! धीरे धीरे निकल जाओ, बस!"

"माता को धुआं नहीं चलता?"

दामिनीनं एक डाव सासूकडं पाह्यलं. सासू कमरेवर हात ठेवून, लाल पदर डोक्यावर घेऊन, खराटा घेऊन उभी.

"माता को बिलकुल नहीं चलता," दामिनी म्हनली, अन् तिच्या मतानं ती काई खोटं बोलली नाई.

डायव्हराईमधी गोष्ट पसरली. आता ट्रक येते, हळू होते, हात जोडते, हळूच निघून जाते. कोनी तरी जाता जाता टायरवर खडूनं 'जय आंगन माता' लिवून गेलं. प्रेमिलाबाईनं ते पुसाले फडकं घेतलं, पन मंग म्हनली, "राहू दे, अक्षर चांगलं हाये त्याचं."

बजाराच्या दिवशी शेंडे मास्तरीन लांबूनच जात होती. प्रेमिलाबाईनं हाक मारली. "ओ मास्तरीनबाई! या. चावा."

मास्तरीन मऊ आहे, नाई म्हनता येत नाई. आली. झिंगा तोंडात टाकला. दामिनीनं श्वास धरला. सोमारीनं मान लांब केली. मिरच्यावाल्यानं तागडी खाली ठेवली.

कुर्र. अन् नुसतं कुर्र.

मास्तरिनीनं दुसरा झिंगा सवताच उचलला. मंग तिसरा. मंग म्हनली, "द्या बाई, नेहमीएवढे. आणि माझ्या जावेलाही द्या."

सोमारीनं इचारलं, "काय केलं व, प्रेमिला?"

"काई नाई," प्रेमिलाबाई म्हनली. "रांगोळी काढली."

येताना बसमधी ती एवढी बोलली का कंडक्टर मांगच्या दारानं चढाउतराले लागला.

आता सगळं बरं झालं असं वाटून राह्यलं होतं, तं एका सकाळी जीप आली. कोनीतरी तक्रार केली होती म्हने, का पाथरटोल्यात रस्त्यावर देवस्थान करून ठेवलं आहे अन् गाड्या रेंगाळतेत. रस्त्याच्या खात्याचा सायब होता. पांढरा शर्ट, चकाकते जोडे, मूळचा भद्रावतीकडचा. सडा आताच पडला होता, ओलाच होता, दामिनी रांगोळीचं कमळ काढून राह्यली होती. सायब पट्ट्यापाशी उतरला, खाली वाकला, दामिनीले वाटलं जोड्याची लेस बांधून राह्यला असंन. मंग तो सड्यावरून चालत आला.

"हे कोणी काढलं?"

"माह्या सुनेनं," प्रेमिलाबाई म्हनली. "चांगलं हाये ना जी? बक्षीस भेटलं हाये तिले."

"बाई, हे उद्यापासून बंद करा. रस्त्यावर देवस्थान बांधता येत नाही. अतिक्रमण होतं."

दामिनीच्या हातातली रांगोळी थांबली. बंद म्हंजे पुन्ना धूळ. पुन्ना कच्च. अन् मंग सासूचं बजारात बसनं बंद.

प्रेमिलाबाई मात्र थंड होती. "कुठी हाये देवस्थान? दाखवा."

सायबानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. बादली होती, बकरी होती, चटईवर झिंगे होते, खाटेवर दादाजी होता.

"देव नाही दिसत," सायब म्हनला. "पण रांगोळी आहे ना."

"मंग अतिक्रमन कोनाचं? पिठाचं?"

"बाई, रस्त्यावर काहीही काढता येत नाही."

"मंग हा गड्डा कोनी काढला?"

"गड्डा कोणी काढत नाही. तो पडतो."

"मंग रांगोळीबी पडली असं लिवा," ती म्हनली. "पोरीच्या हातून पडली."

प्रफुल्ल दुकानातून पाहून राह्यला होता. गड्ड्याचं नाव निघालं तसा तो टायरमांगं लपला. दादाजी खाटेवरून म्हनला, "चाललं." कोनाले म्हनला ते समजलं नाई.

दामिनीनं चहा आनला, अन् बशीत दोन झिंगे. सायब नाई म्हनत होता, पन झिंग्याचा वास आला अन् हात पुढं गेला. भद्रावतीचा मानूस, लहानपनी याच्यावरच वाढला असंन. चावला. कुर्र. सायबाच्या तोंडावर एकदम सुट्टी लागल्यासारखं झालं.

"कचकच नाई लागत," तो म्हनला, अन् हे म्हनताना त्याची सरकारी मराठी कुठी गेली कोन जाने. "आमच्या घरी आता झिंगे आनले का रेती लागते."

"धूळ बसते ना त्याच्यावर," प्रेमिलाबाई म्हनली. "टिरक जोरात गेले का बसते, हळू गेले का नाई बसत. एवढीच गोष्ट हाये. तुमी गड्डा भरा, कडेची माती पक्की करा, टिरक लाईनीत चालवा. त्या दिवशी मी रांगोळी अलीकडं घेते. नाई घेतली तं मले म्हना."

सायबानं चहा पेला. तो वाईट मानूस नव्हता, पन सायब होता, हरलो म्हनता येत नाई. त्यानं कप खाली ठेवला, शर्ट नीट केला अन् पुन्ना खात्याचा झाला. "ते काम करू आम्ही. मंजूर आहे, लवकरच सुरू होईल. पण एक गोष्ट समजून घ्या बाई. ही जागा रस्त्याची आहे. कागदावर रस्ता आहे, नकाशावर रस्ता आहे. हे तुमचं आंगण नाही."

"आंगन नाई?"

"नाही."

"पक्का रस्ता?"

"पक्का रस्ता."

प्रेमिलाबाईनं त्याच्या पायाकडं पाह्यलं.

"मंग जोडे काऊन काढले जी?"

सगळ्याईनं खाली पाह्यलं. सायबानं बी पाह्यलं. पट्ट्याच्या पलीकडं, जीपच्या चाकापाशी, त्याचे चकाकते जोडे एकाशेजारी एक नीट ठेवले होते, जसे लग्नघरात ठेवतेत. अन् सायब ओल्या सड्यावर मोज्यानं उभा होता. पांढरे मोजे, आता तळाले हिरवे. त्याले कोनी सांगतलं नव्हतं. डायव्हरनं नाई, सासूनं नाई, सुनेनं नाई. सडा दिसला अन् मानूस वाकला.

"ते..." सायब म्हनला. "ते सवय आहे. माय म्हने, सड्यावर..." अन् मंग तो थांबला, कारन पुढचं वाक्य त्याच्याच इरुद्ध जात होतं.

जीपचा डायव्हर दुसरीकडं पाहून खोकू लागला. प्रफुल्ल टायरमांगून हसला. दामिनीले आपल्या चपला आठवल्या, केळाचे सालटे आठवले, अन् तिच्या हातातली रांगोळी कमळाच्या मधातच सांडली.

सायबानं लांब श्वास घेतला. "गड्डा भरेपर्यंत," तो म्हनला. "कडा पक्की होईपर्यंत. तोपर्यंत चालू द्या."

"चाललं," दादाजी म्हनला.

प्रेमिलाबाईनं जितल्याचं तोंड केलं नाई. तिनं बादली उचलली, खाटेवरची जागा पदरानं पुसली अन् म्हनली, "बसा जी आंगनात. मोजे काढा, धुऊन वाळू घालते. आमच्याकडं आता धूळ नाई बसत."